जुन्या मोटारीचा पत्रा जुळवताना : आधी सांगाडा, मग फट, शेवटी रंग

ठोकर लागलेली जुनी मोटार गॅरेजमध्ये आली की मालक पहिला प्रश्न विचारतो, "रंग हुबेहूब मिळेल ना?" कारागीरही दबलेल्या पत्र्याकडे पाहून कामाचा अंदाज बांधतो. पण काम चांगले झाले की वाईट, हे रंगावरून ठरत नाही. जाणकार माणूस गाडीपासून चार पावले लांब उभा राहतो आणि दरवाजा व फेंडर यांच्यामधली फट पाहतो. फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल, बोनेट दोन्ही बाजूंनी एका उंचीत बसले असेल आणि दरवाजा दोन बोटांनी लागत असेल, तर गाडी बरोबर दुरुस्त झाली असे तो समजतो. फट वर बारीक आणि खाली रुंद असेल, तर रंग आरशासारखा असला तरी गाडीला मार लागला होता हे त्याला लगेच कळते.

डेंटिंगचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंसाठी आज हाच धडा घेतला आहे. ठोकर लागलेल्या जुन्या गाडीचे पत्रे पुन्हा एका रेषेत कसे आणावेत, कोणत्या क्रमाने आणावेत आणि तो क्रम चुकला तर नुकसान कुठे होते, हे पाहू.

जुन्या गाडीचे काम आता वेगळे झाले आहे

एके काळी अँबेसेडर आणि फियाट ही रोजची गिऱ्हाइकी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईची टॅक्सी होती आणि तिचा पत्रा ठोकून अनेकांचे संसार चालले. पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. उत्तरपाडा येथील अँबेसेडरचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निरोप घेतला. आता या गाड्या आपल्याकडे येतात त्या शौकिनांच्या किंवा वडिलांची आठवण म्हणून जपलेल्या. अशा मालकाला "चालते ना, मग झाले" हे उत्तर पुरत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय झालेली, मूळ रूपात ठेवलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. म्हणजे मूळ पत्रा आणि मूळ सांगाडा यांना आता किंमत आली आहे. जो कारागीर गरजेपेक्षा जास्त कापतो, तो मालकाची ही किंमत कापतो.

हात लावण्याआधी वाचा

समजा, एक अँबेसेडर आली आहे. पुढून डाव्या बाजूला मार बसला आहे. बंपर वाकला, डावा फेंडर दुमडला, बोनेटचा कोपरा वर आला. पाना हातात घेण्याआधी गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी करा, हवा सारखी भरा आणि सर्व फटी वाचा. खडूने प्रत्येक फटीशेजारी माप लिहा : वर किती, मध्ये किती, खाली किती.

जिथे मार बसला नाही तिथली फट विशेष पाहा. डावा पुढचा दरवाजा साबूत दिसतो, पण त्याच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात फट बारीक झाली आहे का? छताजवळ, खांबाच्या मुळाशी रंगाला बारीक तडा गेला आहे का? तसे असेल तर मार फेंडरवर थांबलेला नाही, खांबापर्यंत पोहोचला आहे. अँबेसेडर आणि पद्मिनी या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चॅसी नाही. तळ, खांब, छत मिळूनच त्यांचा सांगाडा होतो. त्यामुळे पुढच्या टोकाचा धक्का दरवाजाच्या चौकटीपर्यंत जातो.

साबूत उजवी बाजू हेच आपले मापाचे पुस्तक आहे. मात्र जुन्या गाड्या कारखान्यातूनही दोन्ही बाजूंनी अगदी सारख्या निघत नसत, आणि मधल्या वर्षांत त्यांना दुसरे मारही बसलेले असतात. म्हणून उजवीकडचे माप आंधळेपणाने उतरवू नका. ते बरोबर आहे याची आधी खात्री करा.

कोनाकोनी माप : स्वस्त आणि खरे

मोठ्या गॅरेजमध्ये मापाची महाग यंत्रे असतात. लहान गॅरेजमध्ये गवंड्याचा ओळंबा, टेप आणि खडू यांवर बरेच काम होते. गाडी सारख्या उंचीवर घेऊन तळाच्या दोन्ही बाजूंच्या एकसारख्या जागा निवडा, उदाहरणार्थ सस्पेन्शनच्या बोल्टांची भोके. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खुणा करा. मग खुणांची लांबी, रुंदी आणि दोन्ही कोनाकोनी मापे घ्या.

कोनाकोनी माप कशासाठी? एक हिशेब पाहा. इंजिनाची जागा १०० सें.मी. रुंद आणि १२० सें.मी. लांब आहे असे धरा. दोन्ही कोनाकोनी मापे १५६.२ सें.मी. येतील. आता धक्क्याने पुढचे टोक फक्त १ सें.मी. उजवीकडे सरकले. बाजूंची लांबी मोजली तर १२० च्या १२० च येते, फरक टेपवर दिसतही नाही. पण कोनाकोनी मापे १५६.८ आणि १५५.६ होतात. सव्वा सेंटीमीटरचा फरक लगेच दिसतो. म्हणून फक्त बाजू मोजणारा कारागीर फसतो.

उलट चूकही होते. दोन्ही बाजू सारख्याच दबल्या असतील तर कोनाकोनी मापे एकसारखीच येतात. म्हणून लांबीही मोजा. आणि सांगाडा पिळला असेल, म्हणजे एक कोपरा वर व एक खाली गेला असेल, तर तो जमिनीवरच्या खुणांत दिसत नाही. त्यासाठी गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही जागांची उंची पाहा. दोन कोनाकोनी मापांतला फरक ३ मि.मी.च्या आत आणणे हे लक्ष्य ठेवा. दरवाजा आणि काच यांच्या चौकटीही याच पद्धतीने मोजा.

ओढताना घाई नको

बरेच कारागीर आधी चेपलेला पुढचा भाग कापून टाकतात आणि मग बाकीचे सरळ करायला बसतात. ही मोठी चूक आहे. तो चेपलेला भागच साखळी पकडण्याची जागा असतो. तो गेला की मागचा वाक ओढायला हाताशी काही उरत नाही. आधी ओढा, सांगाडा मापात आणा, मग न वाचणारा तुकडा कापा.

धडकेत आधी टोक दबते आणि शेवटी दूरचा भाग वाकतो. सरळ करताना क्रम उलटा असतो : दूरचा वाक आधी सुटला पाहिजे. ओढ मार आलेल्या दिशेच्या उलट हवी, आणि ती थोडी थोडी हवी. थोडे ओढा, ताण धरून ठेवा, घडीच्या आजूबाजूला लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोका, मग ताण सोडा आणि पुन्हा मोजा. ताण सोडला की लोखंड थोडे मागे येते. त्याचा अंदाज चार-पाच वेळा मोजल्यावरच येतो. लाल होईपर्यंत गॅस देऊन वाकवलेला पत्रा लवकर हलतो खरा, पण तिथे तो आकसतो आणि ताकदही जाते.

साखळीच्या सरळ रेषेत कोणीही उभे राहू नये. साखळीवर जाड ताडपत्री टाकावी. तुटलेली साखळी माणूस ओळखत नाही. कामावर नव्याने आलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट ही आहे.

कुजलेला पत्रा असेल तर आणखी सावध राहा. दरवाजाखालचा उंबरठ्याचा पत्रा कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत पाइपचा आधार टाक्यांनी लावून घ्या. नाहीतर कापताक्षणी गाडी मध्ये बसते, चौकट मिटते, आणि नवा पत्रा त्याच चुकीवर कायमचा वेल्ड होतो.

जुळवणी नेहमी मागून पुढे

सांगाडा मापात आला, आता पत्रे बसवायचे. मार पुढे आहे म्हणून कारागीर पुढून सुरुवात करतो, बोनेट आणि फेंडर एकमेकांना मिळवतो आणि शेवटी पाहतो तर फेंडर दरवाजात घुसतो आहे. मग सगळे पुन्हा सैल करावे लागते.

जो भाग हलत नाही तिथून सुरुवात करा. मागचा खांब हलत नाही. म्हणून मागचा दरवाजा त्या खांबाशी जुळवा. पुढचा दरवाजा मागच्या दरवाजाशी जुळवा. फेंडर पुढच्या दरवाजाशी, बोनेट फेंडरशी आणि काचेखालच्या पत्र्याशी. जाळी, दिव्यांच्या रिंगा आणि बंपर सगळ्यात शेवटी. मागच्या दोन दरवाजांना मार नसला तरी ते तपासूनच पुढे जा. मागच्या दरवाजात २ मि.मी. ची चूक राहिली तर ती पुढे सरकत सरकत बोनेटपर्यंत येते.

ही सगळी जुळवणी गाडी चाकांवर असताना करा. इंजिन जागेवर असावे. दोन टोकांना घोडी लावून उचललेली जुनी गाडी मधून किंचित झुकते. त्या अवस्थेत बसवलेले दरवाजे गाडी खाली उतरवल्यावर घासू लागतात.

दरवाजा : आधी कब्जा तपासा

दरवाजा उघडून त्याचे टोक हाताने वर उचला. टोक खडखडले तर कब्ज्याची पिन किंवा बुश झिजली आहे. झिजलेल्या कब्ज्यावर कितीही जुळवणी करा, ती महिनाभर टिकत नाही. आधी पिन बदला.

मग खांबावरची लॉकची पकड, म्हणजे स्ट्रायकर, काढून ठेवा. ती लावलेली असली की दरवाजा बंद होताना उचलला जातो आणि कब्ज्याची चूक झाकली जाते. दरवाजात काच आणि लॉक बसवलेले असू द्या, कारण त्यांच्या वजनाने दरवाजा खाली येतो. नवे रबर लावायचे असेल तर तेही लावून पाहा. जाड रबर दरवाजा बाहेर ढकलते.

आता तीन गोष्टी पाहायच्या : फट सारखी आहे का, दरवाजाचा पत्रा शेजारच्या पत्र्याच्या सपाटीत आहे का, आणि अंगावरची उठावदार रेषा सरळ पुढे जाते का. एका वेळी एकच कब्जा सैल करा. दोन्ही एकदम सैल केले तर आधीचे माप हातातून जाते.

दरवाजाचे मागचे टोक खाली आले असेल तर खालच्या कब्ज्यामागे पातळ पत्र्याची शिम घाला. कब्ज्यांमधले अंतर ४० सें.मी. आणि दरवाजा ९० सें.मी. लांब असेल, तर १ मि.मी. ची शिम मागचे टोक सव्वादोन मि.मी. वर उचलते. हा हिशेब लक्षात असेल तर शिम अंदाजाने घालावी लागत नाही. दरवाजा नीट बसल्यावर स्ट्रायकर परत लावा आणि तो दरवाजाकडे सरकवा. स्ट्रायकरने दरवाजा ओढून घेण्याचा प्रयत्न करू नका.

फेंडर आणि बोनेट

फेंडरचे सगळे बोल्ट आधी हाताने लावा, कोणताही आवळू नका. सुरुवात दरवाजाकडच्या कडेपासून करा, मग काचेजवळचा वरचा भाग, मग पुढचे टोक. फट बरोबर आली की एक-एक बोल्ट आवळा आणि प्रत्येक बोल्टनंतर फट पुन्हा पाहा. आवळताना पत्रा सरकतो.

येथेच मोह होतो. बोल्ट भोकात येत नाही, आणि कारागीर कानस उचलतो. थांबा. वायसर आणि लांबट भोके यांनी थोडे सरकणे अपेक्षितच आहे, पण भोक कानसून मोठे करावे लागत असेल तर सांगाडा अजून मापात आलेला नाही. ओळंबा पुन्हा काढा. एका भोकाची कानस पुढे बोनेटचा कोपरा, दिव्याची रिंग आणि बंपरचा ब्रॅकेट या सगळ्यांत भरून द्यावी लागते.

बोनेट बसवताना आधी त्याचे लॉक काढून ठेवा. मागचे दोन कोपरे काचेखालच्या पत्र्याच्या उंचीत आणा, मग दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या करा, मग पुढची उंची रबरी टेकूंनी ठरवा. लॉक सर्वांत शेवटी. बोनेट नीट लागते आहे एवढ्यावर थांबू नका. सुरक्षेचा दुसरा आकडा पकडतो की नाही, हे दहा वेळा उघडझाप करून पाहा. चालत्या गाडीत बोनेट उघडून काचेवर आले तर माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि त्याची जबाबदारी कामावर हात ठेवणाऱ्याचीच असते.

फट किती असावी?

जुन्या गाडीत साधारण ४ ते ५ मि.मी. फट चांगली समजावी. फट अरुंद असण्यापेक्षा सारखी असण्याला महत्त्व आहे. ४ मि.मी.च्या ड्रिलचे गुळगुळीत दांडे किंवा त्याच जाडीच्या लाकडी पट्ट्या फटीत फिरवून पाहा. टेपपेक्षा हे बोटांना लवकर कळते.

रंगासाठी जागा सोडायला विसरू नका. प्रायमर आणि रंग मिळून प्रत्येक कडेवर पाव मि.मी. चा थर सहज बसतो. फटीला दोन कडा असतात, म्हणजे अर्धा मि.मी. गेला. उन्हाचाही विचार करा. एक मीटर लोखंड ४० अंश जास्त तापले तर जवळजवळ अर्धा मि.मी. वाढते, आणि गाडीचे सगळे भाग सारखे तापत नाहीत. कच्च्या पत्र्यावर ३ मि.मी.ची देखणी फट ठेवली, तर रंगानंतर मे महिन्यात दरवाजाच्या कडेचा रंग उडालेला दिसेल.

पुट्टीने फट भरू नका

फट रुंद राहिली की पुट्टी, म्हणजे आपल्या पेंटरची लांबी, कडेला चढवायची आणि कानसून रेषा काढायची, ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी फट छान दिसते. पण दरवाजा रोज आपटतो, पत्रा थरथरतो आणि कडेवरची पुट्टी तुटते. तिथून पाणी शिरते आणि गंज आतून पुढे जातो. पुट्टी ही पत्र्याच्या मधल्या बारीक खळग्यांसाठी आहे, २-३ मि.मी.च्या वर नाही, आणि कडेवर तर नाहीच.

सगळी जुळवणी करूनही कडच आखूड असेल तर तिथे पातळ वेल्डिंगने लोखंड चढवा आणि कानसून रेषेत आणा. कड जास्त असेल तर दरवाजाची दुमडलेली कड ग्राइंडरने खाऊ नका. जुन्या गाडीचा पत्रा २० गेजचा धरला तरी तो ०.९ मि.मी. चा असतो. घासताना घडी उघडते आणि दरवाजाचे बाहेरचे पान सुटे होते. अशी कड लाकडावर ठेवून हलक्या हाताने आत घ्यावी.

रंगाच्या आधी पूर्ण गाडी जोडा

सर्व पत्रे, जाळी, दिवे, बंपर, रबर लावून गाडी कच्चीच पूर्ण जोडा. एक दिवस जातो, पण नवा रंग घासला तर आठवडा जातो. सगळे बरोबर आले की प्रत्येक कब्जा आणि खांब यांतून ३ मि.मी.चे एक बारीक भोक आरपार पाडा. रंगानंतर त्याच भोकात खिळा घालून कब्जा बसवला की तो जुन्या जागी नेमका येतो. कोणत्या बोल्टखाली किती शिम होत्या, ते कागदावर लिहा आणि शिम त्याच बोल्टसोबत बांधून ठेवा. मग गाडी खोला, कडा आणि आतल्या बाजू वेगळ्या रंगवा, आणि कडांना टेप लावून परत जोडा.

मालकाशी हिशेब

गाडी खोलण्याआधी फोटो काढा, तारखेसह. विमा असेल तर सर्व्हेअरने पाहण्याआधी काहीही खोलू नका. अंदाजपत्रकाचे तीन भाग करा : सांगाडा, जुळवणी आणि रंग. मालक सांगाड्याचे पैसे वाचवायला सांगतो, कारण तो दिसत नाही. त्याला जमिनीवरच्या खडूच्या खुणा दाखवा. दोन कोनाकोनी मापांतला फरक शिकलेल्या आणि न शिकलेल्या, दोघांनाही कळतो.

जुना दरवाजा किंवा फेंडर बाजारातून विकत घ्यायचा असेल तर तो रंगवण्याआधी गाडीवर लावून पाहा, आणि बसला नाही तर परत घेण्याची अट दुकानदाराशी आधीच ठरवा. दरवाजा शक्यतो त्याच्या कब्ज्यांसकट घ्यावा.

आणि मालक म्हणाला, "लांबी भरा, विकायचीच आहे," तर काय करावे? त्या गाडीचा पुढचा मालक कोणी तरी असणारच. झाकलेला ऐब त्याच्या पदरी पडेल आणि काम कोणी केले हे तो विचारीलच. सांगाडा वाकडा ठेवून वर रंग लावण्याचे काम नाकारलेले बरे. त्या दिवसाची मजुरी बुडेल, पण गाडी परत दारात येणार नाही.

खडू, ओळंबा, टेप आणि थोडा धीर, एवढ्यावर हे काम उभे राहते. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोराच्या हातात हातोडी देण्याआधी त्याला ओळंबा धरायला शिकवा. पुढच्या वेळी गाडी आली की दबलेल्या पत्र्याआधी त्याची नजर फटीकडे जाईल.